परसबाग : घरच्या भाजीपाल्याचे खरे मोल

नागपूर व वर्धा जिल्ह्यांतील जुन्या घरांच्या मागे थोडी मोकळी जागा असे. कित्येक गावांत तिला सांदवाडी म्हणतात. मोरीचे पाणी वाहत जाऊन धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, आणि केळीच्या बुंध्याशी मुरे. कुंपणावर वालाचा वेल आणि कवेलूच्या छपरावर कोहळ्याचा वेल पसरलेला असे. एका कोपऱ्यात मुनगा, दुसऱ्यात लिंबू व कढीनिंब, आणि चुलीपासून हाकेच्या अंतरावर सांभार व मिरचीचे चार वाफे असत. या जागेस कोणी बाग म्हणत नसे. तिच्याकडे घरातील स्त्री जाता-येता लक्ष देई आणि अवेळी पाहुणा आला तर त्याच्या पानात वाढावयाची भाजी तेथूनच येई.

आज पुष्कळ ठिकाणी त्या जागेवर फरशी आली आहे. शहरात जागाच उरली नाही, हे कारण समजण्यासारखे आहे. परंतु ज्या घरी दहा-वीस एकर कपाशी व सोयाबीन आहे त्या घरीही भाजी आठवडी बाजारातून येते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. शेत नगदी पिकाचे झाले, त्याबरोबर बांधावरची चवळी, अंबाडी व वाल मागे पडले आणि शेतकऱ्याचे मूलही भाजीच्या बाबतीत शहरातील मुलाइतकेच परावलंबी झाले. बाजाराच्या दिवशी पैसा हाती असेल तर ताटात भाजी येते आणि नसेल तर भात व वरण यांवरच भागते. परसबागेचा विचार करावयाचा तो या दृष्टीने.

ताटातील उणीव

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबास, त्यांतील मुलांचे प्रमाण थोडे कमी धरले तरी, दररोज दीड ते दोन किलो भाजी हवी. किती घरांत इतकी भाजी येते याचा अंदाज प्रत्येक शिक्षकास आपल्या गावावरून करता येईल.

या उणिवेचा परिणाम मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची शंभरांपैकी सुमारे ६७ बालके आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभरांपैकी ५७ स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. रक्तक्षय असलेले मूल लवकर थकते व त्याचे लक्ष टिकत नाही. पुष्कळदा त्यास आळशी वा मंद समजले जाते. वास्तविक त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य पुरेसे नसते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, वारंवार होणारे आजार व काही आनुवंशिक दोष हीही त्यांत येतात, म्हणून केवळ पालेभाजी खाऊन तो जाईल असे मानणे चुकीचे होय. तथापि आहारातील लोह, फोलेट व ‘क’ जीवनसत्त्व यांची उणीव हे त्याचे एक मोठे कारण आहे आणि ते दूर करणे बऱ्याच अंशी घरच्या हाती असते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असलेला पदार्थ असेल तर शोषण वाढते, आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते घटते. म्हणून चवळईच्या भाजीवर लिंबू पिळणे हा केवळ रुचीचा प्रश्न नाही. संत्र्याच्या या जिल्ह्यात मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात स्वस्त असतात, तेव्हा जेवणानंतर मुलास संत्र्याच्या चार फोडी द्याव्यात. परसात लिंबाचे एक झाड असल्यास वर्षातील बहुतेक काळ ही सोय घरीच होते.

‘क’ जीवनसत्त्व नाजूक असते. भाजी खुडल्यापासून ते घटू लागते. उन्हात पडून राहणे, चिरून ठेवणे आणि शिजविलेले पाणी फेकून देणे यांमुळे ते आणखी कमी होते. दूरच्या मंडईतून दोन दिवसांचा प्रवास करून आलेली मेथी आणि अर्ध्या तासापूर्वी खुडलेली मेथी दिसावयास सारखी असली तरी खाणाऱ्यास मिळणारा लाभ सारखा नसतो. मुनग्याच्या शेंगा सर्वजण खातात, पण त्याच्या कोवळ्या पाल्यात ‘अ’ जीवनसत्त्व देणारे द्रव्य, चुना व लोह ही विपुल असतात, आणि हे झाड नागपूरच्या उन्हातही तग धरते. एका घरामागे मुनग्याचे एक झाड असले तरी परसबागेचा आरंभ झाला असे म्हणता येईल.

पिकविणाऱ्यास काय मिळते?

परसबागेचा लाभ केवळ ताटापुरता नाही. जो माणूस रोज अर्धा तास खुरपणी करतो, पाणी घालतो, वाकतो व उठतो, त्यास निराळा व्यायाम शोधावा लागत नाही. वृद्धांना तर हे काम विशेष मानवते, कारण ते शक्तीप्रमाणे कमी-अधिक करता येते आणि घरात आपला उपयोग आहे ही भावनाही त्यातून टिकते.

मनाचा लाभही तितकाच खरा आहे. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांस आधी मनावर ताण येईल असे काम दिले. नंतर त्यांतील अर्ध्यांनी तीस मिनिटे बागकाम केले व अर्ध्यांनी वाचन केले. दोन्ही गटांत ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे द्रव्य घटले, पण बागकाम करणाऱ्यांत ते अधिक घटले. पहाटे वाफ्यापाशी उभे राहणाऱ्या जाणत्या शेतकऱ्यास यात काही नवल वाटणार नाही.

मुलाच्या दृष्टीने पाहिल्यास सर्वांत मोठा लाभ निराळाच आहे. बी पेरल्यावर उगवण्यासाठी थांबावे लागते. थांबताना काळजी घ्यावी लागते, आणि इतके करूनही कधी कधी हाती काही लागत नाही. हा धडा पुस्तकातून देता येत नाही. मुळा पेरला की चाळीस-पंचेचाळीस दिवस वाट पाहावी लागते. रोज उपटून पाहणाऱ्या मुलाचा मुळा वाढत नाही, हे त्यास एकदाच कळते व कायमचे कळते. शिवाय ज्या मुलाने स्वतः पालक पेरला ते मूल पालकाच्या भाजीस सहसा नाक मुरडत नाही, असा अनेक आयांचा अनुभव आहे.

आणखी एक सुख असे की परसातील भाजी एकाच वेळी भरपूर येते. दोडक्याच्या वेलास बहर आला की एका घरास तो संपत नाही. मग चार दोडके शेजारी जातात आणि शेजारच्या घरून आंबट चुका येतो. देण्याजोगे काही जवळ असणे ही गरिबाच्या घरीही श्रीमंतीच होय.

हा विचार येथलाच आहे

शिक्षणात मातीचे काम आणावे, हा विचार या भागास परका नाही. नागपूरपासून जवळच असलेल्या वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालातून नई तालीम किंवा मूलोद्योगी शिक्षण या योजनेने आकार घेतला. १९३८ साली हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राम येथे आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या दांपत्याने ही पद्धती प्रत्यक्षात आणली. सूतकताईबरोबर शेती व बागकाम हेही तेथे शिक्षणाचे साधन होते. वाफा मोजताना गणित, खत कुजताना विज्ञान आणि पीक वाटून घेताना नागरिकशास्त्र शिकवावे, ही त्यामागील कल्पना. सेवाग्रामच्या त्याच परिसरात २००५ साली आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाली आणि तेथील मुले आजही मातीत काम करीत शिकतात.

टंचाईच्या काळात या विचाराची आठवण देशास पुनःपुन्हा झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बागांतील हिरवळी खणून तेथे बटाटे व कोबी लावले गेले. भारतात १९४३ साली ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि आपल्या निवासस्थानाच्या आवारातही पीक घेतले. २०१९ साली केंद्र शासनाने शालेय पोषण आहार योजनेखाली शाळाशाळांतून पोषण परसबागा करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने चालते.

बियांच्या बाबतीत महाराष्ट्रापुढे एक मोठे उदाहरण आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या आदिवासी गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान भाज्यांचे व धान्यांचे बी जतन केले, ते इतर स्त्रियांस वाटले आणि घरोघरी परसबागा व्हाव्यात म्हणून खटपट केली. शाळेत जाण्याची संधी न मिळालेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. वालाचे, भेंडीचे वा चवळीचे एक निरोगी झाड बियासाठी राखले, तर पुढील वर्षी बी विकत आणावे लागत नाही. मात्र संकरित वाणाचे बी राखून उपयोग नसतो, कारण पुढील पिढीत त्याचे गुण तसेच उतरत नाहीत.

नागपूरच्या हवेत परसबाग कशी करावी?

येथील हवामानाची तीन वैशिष्ट्ये आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवे नाही. पाऊस सरासरी सुमारे ११०० मिलिमीटर पडतो, पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. आणि पुष्कळ ठिकाणची जमीन काळी आहे. ती पावसात चिकट होते व उन्हात भेगाळते. परसबागेची आखणी या तिन्ही गोष्टी ध्यानी घेऊन केली पाहिजे.

काळ्या जमिनीत सपाट वाफ्यात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून पावसाळ्यासाठी गादीवाफा करावा. लांबी तीन मीटर, रुंदी सव्वा मीटरपेक्षा कमी आणि उंची १५ ते २० सेंटिमीटर पुरे. रुंदी कमी ठेवण्याचे कारण असे की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा व वाफ्यात पाय ठेवण्याची गरज पडू नये. पाय पडला की माती दबते व मुळांस हवा मिळत नाही. मातीत कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळल्यास चिकटपणा कमी होतो. जेथे अंगण नाही तेथे जुने डबे, पोती वा कुंड्या यांत सांभार, पालक, मिरची उत्तम येते. मात्र तळाशी छिद्र हवे आणि दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळावयास हवे.

खत घरीच होते. भाजीची देठे, फळांची साले व वाळलेला पाला एका खड्ड्यात थराथराने टाकावा, मधून मधून शेणाचे पाणी शिंपडावे आणि वर माती पसरावी. ओल्या कचऱ्यापेक्षा कोरडा पाला अधिक असावा, म्हणजे दुर्गंधी येत नाही. ओल टिकली व अधून मधून खालीवर केले, तर दोन ते तीन महिन्यांत काळसर व मातीच्या वासाचे खत तयार होते. पाला जाळणारा माणूस खतच जाळतो, हे मुलांस अवश्य सांगावे.

पेरणीचे तीन हंगाम आहेत. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, काकडी व अंबाडी लावावी आणि वांगी व मिरची यांची रोपे तयार करावीत. दसऱ्यापासून कार्तिकापर्यंत मेथी, पालक, सांभार, मुळा, गाजर, वाटाणा, टमाटर, कांदा व लसूण यांचा काळ असतो. नवशिक्याने आरंभ याच हंगामात करावा, कारण या दिवसांत कीड कमी, ऊन सौम्य आणि पीक लवकर येते. मेथी २५ ते ३० दिवसांत व पालक ३० ते ३५ दिवसांत खुडता येतो. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा भेंडी, चवळी व काकडी लावता येते. एप्रिल-मेमध्ये मात्र नव्या पेरणीचा हट्ट धरू नये. असलेली झाडे जगविणे व हिरव्या जाळीची सावली करणे एवढेच पुरे. एकाच वाफ्यात लागोपाठ तीच भाजी घेऊ नये. वांग्यानंतर चवळी वा वाल घ्यावा, कारण शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत साठवितात.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात रोज सात मिलिमीटर पाणी लागते असे धरल्यास ३.६ चौरस मीटरच्या वाफ्यास सुमारे २५ लिटर, म्हणजे दोन लहान बादल्या पाणी हवे. तांदूळ, डाळ व भाज्या धुतल्याचे पाणी जपून ठेवल्यास यातील बराच भाग भागतो. झाडांच्या बुडाशी वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घातल्यास ओल टिकून पाणी आणखी कमी लागते. परंतु गटाराचे वा शहरातील सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाल्याचे पाणी भाजीस कधीही घालू नये. त्यातून रोगजंतू व घातक धातू पानांत व पोटात जातात. ज्या नाग नदीवरून नागपूर हे नाव पडल्याचे सांगतात, तिचेही आज शहरात सांडपाणी झाले आहे. तिच्या काठची हिरवीगार भाजी पाहून भुलू नये.

किडीसाठी घरच्या भाजीवर विषारी औषध मारण्यात अर्थ नाही. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, एक लिटर पाणी करून त्यात किंचित साबण मिसळावा आणि संध्याकाळी फवारावे. भेंडीची पाने पिवळ्या शिरांची झाली तर ते झाड उपटून टाकावे. हा रोग पांढरी माशी पसरविते व रोगी झाड बरे होत नाही. बियाणे, रोपे व सल्ला यांसाठी तालुका कृषी अधिकारी आणि कृषी विज्ञान केंद्रे आहेत. नागपुरात तर १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय महाराजबागेलगतच आहे.

शाळेत आणि घरी

तीन मीटर लांब व १.२ मीटर रुंद वाफ्यात ४५ सेंटिमीटर अंतरावर भेंडीच्या किती ओळी बसतील? ओळीत ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एकूण झाडे किती? उत्तर तीन ओळी व तीस झाडे असे येते. हे उदाहरण फळ्यावर सोडविण्यापेक्षा दोरी व खुंट्या घेऊन जमिनीवर सोडविल्यास मूल ते विसरत नाही. खुडलेली भाजी दर वेळी तोलून वहीत नोंदविली तर वर्षअखेर सरासरी, शेकडेवारी व आलेख यांसाठी हातची सामग्री तयार होते.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पाणी भरणे मुलींनी व मोजणे मुलांनी, किंवा खत उचलणे ठरावीक घरांतील मुलांनीच, अशी वाटणी शाळेत होता कामा नये. सर्व कामे पाळीपाळीने सर्वांनी करावीत व त्यांत शिक्षकांनीही हात घालावा. दुसरे असे की शाळेच्या बागेतील भाजी मुलांच्याच ताटात गेली पाहिजे. ज्या मुलाने पाणी घातले त्याच्या वाट्यास ती आली नाही तर त्या बागेने त्यास परिश्रमाचा महिमा न शिकविता अन्याय शिकविला, असे होईल.

परसबागेविषयी अतिशयोक्तीही करू नये. दोन-तीन वाफ्यांवर कुटुंबाचे पोट भरत नाही. धान्य, डाळ व तेल बाहेरूनच आणावे लागते. रोखीत होणारी बचतही प्रथम वर्षी थोडीच असते. एखाद्या सकाळी माकडे सारे वाल ओरबाडून जातात, तर एखाद्या श्रावणात संततधारेने मिरची जळते. पण रोज मूठभर हिरवा पाला, लिंबू व सांभार घरचे मिळाले, तर बाजाराचा दिवस दूर असतानाही ताट कोरडे राहत नाही. रक्तक्षयाने फिकट झालेल्या मुलाच्या आणि त्याच्या आईच्या दृष्टीने ही मूठभर गोष्ट लहान नव्हे.

म्हणून प्रत्येक शिक्षकाने येत्या दसऱ्यास आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या हाती मेथीचे मूठभर दाणे द्यावेत आणि ते घरी, डब्यात का होईना, पेरावयास सांगावे. महिन्याभराने कोणाच्या घरी भाजी झाली व ती कोणी कोणी खाल्ली, हे वर्गात विचारावे. ज्यांची उगवली नाही त्यांस पुन्हा दाणे द्यावेत. खर्च फार नाही. आणि एकदा स्वतः पेरलेले खाल्ल्यावर ते मूल दुसऱ्या हंगामात दाणे आपण होऊन मागेल.